हवा की पाणी? होंडाच्या गाड्यांची पहिली दहा वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना घेतलेले श्वास आणि "म्हणजे, अं..." तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

होंडा म्हटलं की माझ्या डोक्यात आधी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधली बाबांची कायनेटिक होंडा येते आणि मग मामाची सिटी. पहिली सिटी भारतात आली १९९८ मध्ये. तिचं इंजिन चालू आहे की बंद, हे कळायला मामा बॉनेटवर हात ठेवून दाखवायचा. त्यामुळे होंडा म्हणजे शांत, शहाणी, कधी त्रास न देणारी गाडी असं समीकरण माझ्या मनात बसलेलं. या भागासाठी वाचायला लागलो तेव्हा कळलं की सुरुवातीच्या होंडा गाड्या अजिबात शांत नव्हत्या. आणि ही शहाणी गाडी जन्माला यायच्या आधी त्या कंपनीत एक भांडण झालं होतं. इंजिन हवेनं थंड करायचं की पाण्यानं, यावरून. आजचा भाग त्या भांडणाचा.

एक खुलासा आधीच करतो. माणसाचं नावही होंडा आणि कंपनीचं नावही होंडा, म्हणून माणसाला मी सोइचिरो म्हणणार आहे आणि कंपनीला होंडा.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा, हामामात्सुजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार. पोरगा तोक्योच्या एका गॅरेजमध्ये उमेदवारी करून तयार झाला, इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. १९४८ मध्ये कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा नावाचा माणूस येऊन मिळाला. दोघांची वाटणी अगदी सरळ होती. यंत्र सोइचिरो बघणार, पैसा आणि विक्री फुजिसावा बघणार. सोइचिरोंनी कंपनीचा शिक्कासुद्धा फुजिसावांच्या हातात देऊन टाकला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६१ पर्यंत होंडा मोटरसायकलमध्ये जगात नाव काढून होती. सुपर कब धो धो विकली जात होती. चारचाकी मात्र एकही नाही. त्याच सुमारास जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्या डोक्यात एक कायदा आला. परदेशी गाड्यांना देशाची दारं उघडायची वेळ जवळ आलीय, तेव्हा आपल्या कंपन्या मोजक्याच आणि मजबूत हव्यात, नव्या कोणी गाडीच्या धंद्यात शिरू नये, असा त्याचा मतितार्थ. सोइचिरो भडकले. मला गाडी बनवायला बंदी करणारे तुम्ही कोण, हा त्यांचा सूर. पण भडकून भागणार नव्हतं. कायदा यायच्या आत आपण गाडी बनवणारी कंपनी आहोत हे दाखवणं गरजेचं होतं. (तो कायदा शेवटी संसदेत पास झालाच नाही. पण तेव्हा ते कोणाला माहीत होतं?)

डेडलाइन बाहेरून आली की काय होतं ते आपण आयटीवाले चांगलं जाणतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये होंडाची पहिली चारचाकी बाजारात आली. ती कार नव्हतीच, टी३६० नावाचा छोटा टेम्पो होता. आता गंमत बघा. ३६० सीसीच्या आतलं इंजिन, पण त्यात चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, चार कार्ब्युरेटर, आणि ३० हॉर्सपॉवर मिळायचे ते ८,५०० आरपीएमला. भाजीच्या जुड्या वाहणाऱ्या टेम्पोला रेसच्या मोटरसायकलचं काळीज! दोन महिन्यांनी एस५०० आली, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. तिच्या मागच्या चाकांना ताकद चेनने जायची. मोटरसायकलवाल्यांनी बनवलेली गाडी आहे हे लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही. या गाडीच्या आधीच्या नमुन्याला लाल रंग द्यायचा होता, पण तेव्हा जपानात लाल रंग अग्निशमन दलासारख्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला. तर रंगासाठीसुद्धा सरकारशी वाद घातला, आणि जिंकला.

मग एस६००, एस८००. हौशी लोक खूश, पण यातून घर चालत नाही. घर चालवलं एन३६० ने. १९६७ चा मार्च. पुढच्या चाकांना ताकद देणारी, दोन सिलिंडरची, एअर-कूल्ड इंजिनची चिमुकली गाडी. ३१ हॉर्सपॉवर, म्हणजे त्या वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त, आणि किंमत ३,१३,००० येन. जपानी कुटुंबांनी तिच्यावर उड्या मारल्या. आणि माझ्या मते गोची इथेच झाली. एअर-कूल्ड इंजिनानं मोटरसायकलमध्ये यश दिलं होतं, आता छोट्या गाडीतही दिलं. मग मोठ्या गाडीत का नाही देणार?

सोइचिरोंचा युक्तिवाद ऐकायला अगदी बिनतोड आहे. पाण्यानं इंजिन थंड करता म्हणजे काय करता? पाणी गरम होतं, ते रेडिएटरमध्ये नेता आणि तिथे हवेनंच गार करता. म्हणजे शेवटी उष्णता हवेतच जाते. मग मधला दलाल कशाला? थेट हवेनंच गार करा. पंप नको, होजपाइप नको, गळती नको. कोड कमी, बग कमी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मलाही पटलं होतं.

पटतं, पण पाण्याचं काम फक्त उष्णता वाहून नेणं एवढंच नसतं. पाणी इंजिनाचं तापमान सगळीकडे जवळपास सारखं ठेवतं. घाटात चढताना, सिग्नलला उभं असताना, थंडीत, उन्हाळ्यात. हवेच्या इंजिनात एक कोपरा तापलेला, दुसरा गार, आणि वेग बदलला की सगळं बदललं. मोठ्या इंजिनात हे सांभाळायला पंखा लागतो, जाड पंख लागतात, वजन वाढतं. म्हणजे दलाल काढला म्हणता म्हणता त्याचं सगळं काम घरच्यांच्या डोक्यावर येतं.

हे सोइचिरोंना सांगणार कोण? ते मालक होते, आणि नुसते मालक नाही, तर त्या इमारतीतले सगळ्यात नावाजलेले इंजिनिअर होते. आवडलं नाही तर ओरडायचे, हातातलं अवजार भिरकवायचे, अशा त्यांच्या गोष्टी आहेत.

त्या हट्टातून दोन यंत्रं आली. पहिलं आरए३०२, फॉर्म्युला वनची एअर-कूल्ड रेसकार. होंडाची वॉटर-कूल्ड रेसकार १९६५ मध्ये मेक्सिकोला आणि १९६७ मध्ये इटलीत जिंकली होती, म्हणजे चालणारी गोष्ट हातात होती. तरी १९६८ मध्ये हवेची गाडी काढली. संघाचा मुख्य ड्रायव्हर जॉन सर्टीस यानं ती चालवून पाहिली आणि ही शर्यतीला तयार नाही असं स्वच्छ सांगितलं. तरीही ७ जुलैला फ्रान्समध्ये रूआंच्या शर्यतीत ती उतरवली, जो श्लेसर या फ्रेंच ड्रायव्हरला बसवून. पाऊस होता. शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात गाडी रस्ता सोडून बांधावर आदळली, आणि मॅग्नेशियम वापरलेली बॉडी पेटली. श्लेसर गेला. त्या हंगामानंतर होंडानं फॉर्म्युला वन सोडलं.

इथे मी रेकॉर्डिंग करताना थोडा थांबलो होतो. कारण पुढचं सगळं आपण किश्शासारखं सांगतो, हसतो, पण या वादात एक माणूस मेला आहे.

दुसरं यंत्र म्हणजे होंडा १३००. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोक्योच्या मोटर शोमध्ये दाखवली, १९६९ च्या मे महिन्यात विकायला आली. होंडाची पहिली खरीखुरी कुटुंबाची सेडान. १,३०० सीसीतून १०० हॉर्सपॉवर, आणि चार कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलला ११५. तेव्हाची टोयोटा कोरोला ११०० घ्या, तिला ६० होते. कागदावर १३०० म्हणजे चमत्कार. इंजिनाला दुहेरी भिंत, मधून पंख्यानं हवा ढकललेली, शिवाय तेलाची वेगळी टाकी. पाण्याच्या इंजिनातल्या पाण्याच्या खोबण्या काढून तिथे हवेच्या खोबण्या घातल्या असं म्हणा. पण हे सगळं अॅल्युमिनियम वजनाला भारी पडलं, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर. गाडी नाकानं जड झाली, वळणावर सरळच जायला बघायची, पुढचे टायर झिजायचे. त्यात सोइचिरो उत्पादन सुरू झाल्यावरही बदल सुचवत राहिले. आज हे कर, उद्या ते कर. बनवायला महाग, विकायला अवघड. गाडी आपटली.

रिलीजनंतर प्रॉडक्शनमध्ये थेट बदल करणारा सीनियर कोणी पाहिलाय का? मी पाहिलाय. माझ्या आधीच्या ऑफिसात एक साहेब होते. त्यांनी कधीकाळी स्वतः लिहिलेली एक सिस्टिम होती, आणि तिच्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. आम्ही टपरीवर चहा पिताना सगळे दोष मोजायचो आणि मीटिंगमध्ये माना डोलवायचो. दोन वर्षं डोलवल्या. मग मी नोकरी बदलली.

होंडातली पोरं तशी गप्प बसली नाहीत. १३०० च्या इंजिनावर काम करणारे तादाशी कुमे इतके वैतागले की त्यांनी निषेध म्हणून काही काळ कामावर यायचंच बंद केलं. (हेच कुमे पुढे १९८३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. म्हणजे रुसून घरी बसलेला माणूस चौदा वर्षांनी त्याच खुर्चीत. आपल्याकडे त्याचं रिलीव्हिंग लेटर तयार झालं असतं.)

आणि याच वेळी हवेचाच दुसरा प्रश्न दारात येऊन उभा राहिला होता. गाड्यांच्या धुराचा. होंडाच्या संशोधन केंद्रात १९६६ पासूनच वायुप्रदूषणावर एक छोटा गट काम करत होता. त्या गटाला एक गोष्ट उमगली होती. धुरातलं विष कमी करायचं तर सिलिंडरच्या आत तापमान काय आहे आणि इंधन-हवेचं प्रमाण काय आहे, यावर बारीक ताबा हवा. एअर-कूल्ड इंजिनात तापमानच हातात राहत नाही, तर बाकीचं काय सांभाळणार? म्हणजे आता मुद्दा आवडीनिवडीचा उरला नव्हता. हवेचं इंजिन ठेवलं तर येणाऱ्या कायद्यांपुढे गाडीचा धंदाच बंद.

पोरं गेली फुजिसावांकडे. १९६९ चा उन्हाळा. फुजिसावांना इंजिनातलं फारसं कळत नव्हतं आणि त्यांनी ते कधी कळतंय असं दाखवलंही नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोइचिरोंशी बोलायचं ठरवलं. वीस वर्षं ज्या खोलीत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं ती ही तंत्रज्ञानाची खोली. ते काय बोलले ते कंपनीच्या इतिहासात नोंदलंय. त्यांनी हवा बरोबर की पाणी, हा वाद घातलाच नाही. एवढंच विचारलं, की तुम्हाला होंडाचे अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? सोइचिरो थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, अध्यक्षच राहायला हवं. मग पोरांना पाण्याचं इंजिन करू देणार ना? हो.

बस. दोन मिनिटांचं संभाषण. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सोइचिरोंना पाणी पटलं होतं असं अजिबात नाही. ते वादात हरले नाहीत. त्यांनी फक्त जागा सोडली.

त्यानंतर गोष्टी भराभर हलल्या. १९७१ मध्ये लाइफ नावाची छोटी वॉटर-कूल्ड गाडी आली, एन३६० च्या जागी. आणि मग मोठा डाव. तेव्हा कंपनीची अवस्था अशी होती की ही गाडी चालली नाही तर चारचाकीचा धंदा गुंडाळायचा, अशी भाषा सुरू झालेली. होंडानं दोन गट केले, एक अनुभवी लोकांचा, एक तरुणांचा, आणि दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की आपण कोणती गाडी बनवावी? दोन्ही गटांची उत्तरं जवळपास सारखी आली. छोटी, हलकी, चाकं अगदी चार कोपऱ्यांना, आत माणसांना भरपूर जागा.

ही सिव्हिक. जुलै १९७२. लांबी जेमतेम ३.४ मीटर, वजन साधारण ६०० किलो, इंजिन आडवं बसवलेलं, ताकद पुढच्या चाकांना. जपानात तेव्हा गाडीला मागे डिकीचं शेपूट असणं म्हणजे प्रतिष्ठा, आणि ही मागून छाटल्यासारखी. बाजूनं पाहिली तर समलंब चौकोन. आता आकडा बघा: १,१६९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. १३०० च्या १०० आणि ११५ नंतर फक्त ६०! कंपनीला वाचवलेली गाडी म्हणजे होंडानं तोवर काढलेल्या गाड्यांमधली सगळ्यात कमी मिरवणारी गाडी. १३०० च्या बॉडीत पाण्याचं इंजिन घालून १४५ नावाची गाडीसुद्धा काढून पाहिली त्यांनी, पण ती काही चालली नाही.

दरम्यान अमेरिकेत १९७० च्या शेवटी नवा हवा स्वच्छता कायदा झाला, सिनेटर मस्की यांच्या नावानं ओळखला जातो तो. १९७५ च्या मॉडेलपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी, आणि त्यानंतरच्या वर्षी नायट्रोजन ऑक्साइडचंही तेच. डेट्रॉइटच्या बड्या कंपन्या म्हणाल्या, अशक्य. सोइचिरोंनी मात्र फेब्रुवारी १९७१ मध्ये पत्रकार परिषद घेऊन सांगून टाकलं की आम्हाला जमेल असं दिसतंय. इंजिनिअर लोकांना घाम फुटला, कारण काम अजून प्रयोगाच्याच टप्प्यावर होतं. सेल्सवाल्यानं क्लायंटला फीचर कबूल करावं तसं.

पण जमलं. त्याचं नाव सीव्हीसीसी. कसं चालायचं ते सोपं करून सांगतो. चूल पेटवताना ओलं जळण एकदम पेटत नाही, म्हणून आधी कागद किंवा चिपाडं पेटवतो, ना? तसंच. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं मिश्रण स्वच्छ जळतं, पण ठिणगीनं नीट पेटत नाही. म्हणून होंडानं मुख्य चेंबरच्या शेजारी एक छोटी कुपी केली, तिला स्वतःचा छोटासा व्हॉल्व्ह. कुपीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण. स्पार्क प्लग तिथे. कुपी पेटली की तिची ज्योत मुख्य चेंबरमध्ये शिरते आणि तिथलं विरळ मिश्रण सावकाश, पूर्ण जाळते. हवा मुबलक म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन कमी, ज्वलन थंडपणे होतं म्हणून नायट्रोजन ऑक्साइड कमी. कुपीची कल्पना जगात अगदीच नवी नव्हती. नवं होतं ते ती रोजच्या वापराच्या गाडीत बसवून दाखवणं, आणि तेही धुराड्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता.

डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अॅन आर्बरच्या प्रयोगशाळेत तपासणी केली. १९७५ ची मर्यादा सीव्हीसीसीनं पार केली. टोयोटानं लगेच परवाना घेतला, पुढच्या वर्षी फोर्ड आणि क्रायस्लरनं. जनरल मोटर्सला मात्र हे छोट्या इंजिनांचे खेळ वाटले. मग होंडानं काय केलं? जनरल मोटर्सचीच शेव्हरोले इम्पाला घेतली, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेली, जपानला नेली, तिला सीव्हीसीसीचे हेड बसवले, आणि परत अमेरिकेत आणून त्याच खात्यासमोर तपासायला उभी केली. तीही पास झाली. बोलून उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

सीव्हीसीसी सिव्हिक डिसेंबर १९७३ मध्ये जपानात आली आणि १९७५ च्या मॉडेलसोबत अमेरिकेत. मधे तेलसंकट येऊन गेलेलं, त्यामुळे कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला अमेरिकनांनी डोक्यावर घेतलं. १९७६ मध्ये तिची मोठी बहीण अकॉर्ड आली, आणि १९८२ मध्ये ओहायोच्या मेरीसव्हिलला तीच अकॉर्ड बनायला लागली, अमेरिकेत तयार झालेली पहिली जपानी कार. प्रेल्यूड, सीआर-एक्स, एनएसएक्स हे सगळं नंतरचं, त्यावर वेगळा भाग करू. आज मला परत माणसांकडे जायचंय.

सीव्हीसीसीचं काम चालू असताना सोइचिरो आनंदानं पोरांना म्हणाले होते की बड्या अमेरिकन कंपन्यांच्या बरोबरीनं उभं राहायची ही आपल्याला संधी आहे. तर तरुण इंजिनिअर म्हणाले की आम्ही हे कंपनीला पुढे नेण्यासाठी करत नाही, समाजासाठी करतोय. सोइचिरोंनी नंतर स्वतःच सांगितलं की ते ऐकून त्यांना लाज वाटली. आपण नकळत फक्त कंपनीच्या नजरेनं बघायला लागलो, हे त्यांना जाणवलं. तेव्हाच निवृत्तीचं मनात पक्कं झालं.

ऑक्टोबर १९७३. कंपनीला पंचवीस वर्षं झालेली. सोइचिरो ६६ वर्षांचे, फुजिसावा ६२. दोघं एकाच वेळी पायउतार झाले. खुर्ची गेली कियोशी कावाशिमांकडे, वय ४५. दोघांच्याही मुलाबाळांकडे नाही. आपल्याकडच्या उद्योगांची आडनावं आठवा आणि मग हे वाक्य परत वाचा.

सीव्हीसीसीचं पुढे काय झालं? ऐंशीच्या दशकात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुधारले, फ्युएल इंजेक्शन आलं, कॉम्प्युटर इंधनाचं प्रमाण क्षणाक्षणाला सांभाळायला लागला. कुपीची गरज संपली, आणि दशक सरता सरता होंडानं ती काढून टाकली. कुणी रुसून घरी बसल्याचं ऐकिवात नाही.

तोचिगी प्रांतात मोतेगीला होंडाचं संग्रहालय आहे. तिथे त्यांनी १३०० जपून ठेवलीय, आणि ती हवेची रेसकारसुद्धा, आरए३०२. कधी जपानला जायचा योग आला तर लोक एनएसएक्ससमोर फोटो काढतील, मी आधी १३०० च्या बॉनेटखाली वाकून तो पंखा बघणार आहे.